नवा गाभा आणि बंद पेटी

संगणक काल रात्रीपर्यंत ठीक चालत होता. निजण्यापूर्वी त्याने "नव्या सुधारणा आल्या आहेत, घेऊ का?" असे विचारले, तुम्ही "घे" म्हटले, आणि सकाळी बटण दाबले तो पडदा काळा! यंत्राचा पंखा फिरतो आहे, दिवा लागलेला आहे. पण डोळ्यांपुढे काही नाही. फार तर कोपऱ्यात एक बारीकशी रेघ लुकलुकते आहे. ज्यांच्या घरी, शाळेत किंवा छपाईच्या दुकानात लिनक्सवर चालणारा संगणक आहे आणि त्यात एन्व्हिडिया कंपनीचे ग्राफिक्स कार्ड बसवलेले आहे, त्यांच्यापैकी पुष्कळांवर हा प्रसंग केव्हा ना केव्हा येतो. मनात पहिला विचार येतो तो हा, की कार्ड जळाले. शेजारीपाजारीही तेच सांगतात. मग एखादे धडधाकट कार्ड भंगारात जाते आणि त्याच्या जागी नवे येते.

पण थांबा. सुधारणा घेतल्यानंतर लगेच असे झाले असेल, तर बहुतेक वेळा कार्डाला काहीही झालेले नसते. कार्ड आणि संगणक यांना जोडणारा जो एक सांधा आहे, तो निखळलेला असतो. हा सांधा कोणता, तो का निखळतो, पुन्हा कसा बसवावा, आणि बसतच नसेल तर काय करावे, एवढेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

प्रथम लिनक्सचा गाभा म्हणजे काय ते पाहू. त्याला इंग्रजीत कर्नल म्हणतात. हा फौजेतला कर्नल नव्हे बरं का! बदामाच्या कवचाआड जो गर असतो, तो हा कर्नल. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहायला घेतला, आणि १९९२ पासून तो जीपीएल नावाच्या परवान्याखाली सर्वांना खुला आहे. खुला म्हणजे नुसता फुकट असे समजू नका. त्याची मूळ संहिता कोणीही वाचावी, कोणीही बदलावी. मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला द्यायची, तर तिची संहिताही त्याला दिली पाहिजे, असा तो करार आहे. संगणकाची स्मृती, तबकडी, कळफलक, पडदा या सगळ्यांचा कारभार हा गाभाच पाहतो.

आता यंत्रे अनेक, त्यांच्या तऱ्हा अनेक. अमुक कंपनीच्या कार्डाशी कसे बोलायचे, त्याला कोणता हुकूम कोणत्या क्रमाने द्यायचा, हे गाभ्याला शिकवणारा जो भाग असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्समध्ये हा ड्रायव्हर गाभ्याच्या पोटात शिरून काम करतो. त्याला गाभ्याइतकेच अधिकार असतात. म्हणूनच त्याने चूक केली तर एखादी खिडकी बंद पडून भागत नाही. सगळे यंत्रच आडवे होते.

एखादी सरकारी कचेरी डोळ्यांपुढे आणा. बाहेर लोकांसाठी खिडकी आहे. कोणता अर्ज कुठे द्यायचा, पावती कशी मिळते, हे वर्षानुवर्षे ठरलेले आहे. आत मात्र कपाटे हलतात, दप्तरांना नवे क्रमांक मिळतात, काल जे काम एका टेबलावर होत होते ते आज दुसऱ्या टेबलावर जाते. बाहेरच्या माणसाला त्याची दादही नसते, कारण त्याची खिडकी जागची हललेली नसते.

लिनक्सचा गाभा अगदी असाच चालतो. आपण रोज वापरतो ते लिहिण्याचे, हिशेबाचे, चित्रांचे कार्यक्रम बाहेरच्या खिडकीवर येतात. ती खिडकी बदलायची नाही, जुना कार्यक्रम नव्या गाभ्यावर अडता कामा नये, असा टॉरवाल्ड्स यांचा कडक दंडक आहे. पण आतल्या मांडणीबद्दल असे वचन कोणी दिलेले नाही. उलट, ते मुद्दामच देत नाही, असे गाभ्याच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहून ठेवलेले आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन या ज्येष्ठ कारागिराने ते लिहिले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: तुमचा ड्रायव्हर आमच्या संहितेत आणून ठेवा. मग आम्ही कपाट हलवले, तर हलवणारा माणूसच तुमच्या ड्रायव्हरमधला पत्ताही बदलून ठेवील. बाहेर राहिलात, तर तुमचे तुम्ही पाहा.

आणि गाभ्याची नवी आवृत्ती किती दिवसांनी येते? दर नऊ-दहा आठवड्यांनी. म्हणजे वर्षातून पाचसहा वेळा आतली कपाटे थोडीफार हलतात.

तुम्ही विचाराल, हा खटाटोप कशासाठी? चालते आहे ते चालू द्यावे की! तर एक उदाहरण देतो. संगणक काळ मोजतो तो १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. जुन्या पद्धतीत हा आकडा ३२ द्विमान घरांत ठेवला जाई. ती घरे १९ जानेवारी २०३८ या दिवशी भरून जातात, आणि त्यापुढचा सेकंद मांडायला जागाच उरत नाही. हा धोका टाळायचा, तर काळ मोजण्याची जुनी मापे गाभ्यातून काढून टाकणे भाग होते. पुष्कळ वर्षे हे काम चालले आणि २९ मार्च २०२० रोजी निघालेल्या ५.६ या आवृत्तीत जुनी मापे काढली गेली. ज्यांचे ड्रायव्हर गाभ्याच्या संहितेत होते, त्यांतली मापे त्याच वेळी बदलली गेली. जे बाहेर होते ते अडले. बदल चुकीचा होता, असे कोणी म्हणणार नाही. पण त्याचा फटका बसला तो मात्र ज्याने काहीच केले नव्हते अशा वापरणाऱ्याला.

आता एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरकडे वळू. कंपनी लिनक्ससाठी ड्रायव्हर देते, विनामूल्य देते. पण पुष्कळ वर्षे तिने त्याची संहिता दिली नाही. त्याचा मोठा भाग कंपनीत तयार होऊन, कोणाला वाचता येणार नाही अशा यंत्रभाषेत येतो. ही झाली बंद पेटी. तिच्याभोवती एक पातळ थर असतो, त्याची संहिता मात्र उघडी असते. गाभ्याची आतली मांडणी आणि बंद पेटी यांना जुळवणारी ही पाचर आहे. तुम्ही ड्रायव्हर बसवता तेव्हा ही पाचर तुमच्याच संगणकावर, तुमच्याच गाभ्याच्या मापाने तासली जाते. सुतार चौकट पाहून जागच्या जागी पाचर तासतो ना, तसेच हे. गाभा बदलला की पाचर पुन्हा तासावी लागते. दरवेळी आपण हाताने तासत बसू नये, म्हणून डेल कंपनीच्या कारागिरांनी २००३ साली डीकेएमएस नावाची सोय तयार केली. नवा गाभा आला की ती आपणहून पाचर तासून ठेवते.

कंपनीने पेटी बंद का ठेवली, याचीही बाजू आहे. कार्डाच्या रचनेतली गुपिते प्रतिस्पर्ध्याला कळू नयेत, ही व्यापाऱ्याची इच्छा समजण्यासारखी आहे. शिवाय पेटीतला बराच भाग विंडोज आणि लिनक्स या दोहोंसाठी एकच असतो. दोन्हीकडे एकच पेटी चालवणे कंपनीला परवडते. गाभ्याच्या मंडळींचीही बाजू आहे: जी संहिता आम्हांला दिसत नाही, तिच्यातला दोष आम्ही कसा शोधणार? म्हणून अशी पेटी आत शिरली की गाभा स्वतःच्या नोंदीत "डागाळलेला" अशी खूण करतो, आणि अशा गाभ्याची तक्रार ऐकून घ्यायला तिथले कारागीर सहसा तयार नसतात. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे, आणि मधल्या मधे काळ्या पडद्यापुढे बसलेले तुम्ही!

या कार्डांचे काम आता खेळ आणि चित्रे एवढ्यापुरते राहिलेले नाही. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक २०२० च्या नोव्हेंबरातील जगातल्या पहिल्या पाचशे संगणकांच्या यादीत ६३ वा आला. तो याच कंपनीच्या ए१०० जातीच्या कार्डांवर उभारलेला आहे. तिथे सांधे सांभाळायला जाणती माणसे असतात. घरी आणि दुकानात ती माणसे नसतात, म्हणून हे ज्ञान आपल्याला थोडेसे तरी हवे.

कंपनीची कार्डे पिढ्यापिढ्यांनी येतात. एखादी पिढी जुनी झाली की तिच्यासाठी ड्रायव्हरची वेगळी, जुनी मालिका राखून ठेवतात आणि काही वर्षांनी तीही बंद करतात. २००९ साली निघालेले जीफोर्स २१० हे स्वस्तातले कार्ड घ्या. त्याच्यासाठी ३४० क्रमांकाची मालिका होती. तिची शेवटची आवृत्ती, ३४०.१०८, निघाली २०१९ च्या डिसेंबरात. आणि काळाची जुनी मापे काढून टाकणारा ५.६ गाभा आला २०२० च्या मार्चात. मधे अंतर अवघे तीन महिन्यांचे. कार्ड तेच, वीज तीच, चित्र काढण्याची त्याची ताकद तीच. पण नव्या गाभ्यात ती पाचर जशीच्या तशी तासलीच जाईना, आणि कंपनीकडून नवी पाचर येणार नव्हती. जीफोर्स जीटी ७१० सारख्या केप्लर पिढीच्या कार्डांची ४७० ही मालिका २०२४ मध्ये संपली. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांसाठी ५८० हीच शेवटची मालिका, असे कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले. पास्कल म्हणजे २०१६ साली आलेली जीटीएक्स १०५० आणि १०६० ही कार्डे. ती आज कितीतरी घरांत उत्तम चालत आहेत. तेव्हा हा प्रश्न केवळ पुराणवस्तू जपणाऱ्यांचा नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू.

पहिली गोष्ट: जुना गाभा पुसून टाकू नका. बहुतेक लिनक्स संचांत नवा गाभा आला तरी आधीचा शिल्लक राहतो. संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप ही कळ दाबलीत, तर ग्रब नावाची यादी पुढे येते. तिच्यातल्या "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" या ओळीत शिरलात की आधीचा गाभा क्रमांकासह दिसतो. तो निवडा. पडदा उजळला, तर निदान झाले: कार्ड शाबूत आहे, नव्या गाभ्याशी त्याचे जुळलेले नाही. दुकानात पैसे मोजण्याआधी ही एक चाचणी केलीत, तरी आजचे माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.

दुसरी गोष्ट: आपले कार्ड कोणते आणि गाभा कोणता, हे कागदावर लिहून ठेवा. "एलएसपीसीआय" हा हुकूम कार्डाचे नाव सांगतो. "यूनेम" लिहून, एक जागा सोडून, आडवी रेघ आणि "आर" हे अक्षर दिलेत की चालू गाभ्याचा क्रमांक मिळतो. कंपनीच्या याद्यांत तुमचे कार्ड कोणत्या मालिकेत बसते ते पाहा. ३४० मालिकेच्या कार्डाला ५८० ची पेटी बसणार नाही, कितीही नवी असली तरी. उलट तुमच्या कार्डाची मालिका अजून चालू असेल, तर तिची ताजी आवृत्ती येईपर्यंत थोडे थांबणे हाच पुष्कळदा उत्तम उपाय असतो. २०२० च्या ऑक्टोबरात ५.९ हा गाभा निघाला, तेव्हा खुद्द कंपनीनेच, आमचा ड्रायव्हर यावर अजून चालत नाही, काही आठवडे जुन्यावरच राहा, असे सांगितले होते.

तिसरी गोष्ट: पाचर तासायला हत्यारे आणि माप लागते. हत्यार म्हणजे जीसीसी हा संकलक, आणि माप म्हणजे गाभ्याची "हेडर्स". ती नेमक्या त्याच क्रमांकाच्या गाभ्याची हवीत, ज्यावर ड्रायव्हर बसवायचा आहे. गाभा नवा आणि हेडर्स जुनी, असे झाले तर डीकेएमएस बिचारे काय करणार? कितीतरी वेळा "ड्रायव्हर नव्या गाभ्यावर चालत नाही" म्हणून जी ओरड होते, तिच्या मुळाशी एवढेच असते की हेडर्सचे पुडके उतरवून घ्यायचे राहिले. "डीकेएमएस स्टेटस" हा हुकूम दिलात, तर कोणत्या गाभ्यासाठी पाचर तयार आहे आणि कोणत्यासाठी नाही, ते एका ओळीत कळते.

चौथी गोष्ट: ड्रायव्हर एकाच वाटेने घ्या. आपल्या लिनक्स संचाच्या भांडारातून मिळणारे पुडके ही एक वाट. कंपनीच्या ठिकाणाहून उतरवलेली फाइल थेट चालवणे ही दुसरी. दोन्ही वाटा एकदम चाललात, तर एकीने ठेवलेल्या वस्तूंवर दुसरी आपल्या वस्तू टाकते आणि मग काय कुठे आहे याचा पत्ता लागत नाही. माझे मत विचाराल तर भांडारातले पुडके बरे. त्यात पुष्कळदा नव्या गाभ्यासाठी लागणाऱ्या दुरुस्त्या संचाच्या मंडळींनी आधीच केलेल्या असतात.

पाचवी गोष्ट, आणि ही जरा धीराची आहे. पाचर तासली गेली नाही, तर त्याची नोंद ठेवलेली असते. "व्हार", त्यात "लिब", त्यात "डीकेएमएस" अशा कप्प्यांत उतरत गेलात की ड्रायव्हरच्या नावाच्या कप्प्यात "मेक.लॉग" नावाची नोंदवही सापडते. तिच्यात शेकडो ओळी असतील, घाबरू नका. लोक शेवटची ओळ वाचतात आणि ती फक्त "काम फसले" एवढेच सांगते. तुम्ही वरून खाली या आणि "एरर" हा शब्द प्रथम कुठे आला ते पाहा. बाकीच्या चुका बहुधा त्या एकीच्याच पोटातून निघालेल्या असतात.

ती पहिली चूक तीनांपैकी एका जातीची असते. अमुक नावाचे कार्य किंवा अमुक घर सापडत नाही, अशी तक्रार असेल, तर गाभ्यात ते नाव बदलले किंवा काढून टाकले गेले आहे. ५.८ या गाभ्यात स्मृतीच्या एका कुलपाचे नाव "एमएमॅप सेम" होते ते "एमएमॅप लॉक" झाले. काम तेच, पाटी निराळी. पण पेटीची पाचर जुनी पाटी शोधत फिरली. दुसरी जात परवान्याची. गाभ्यातल्या काही सोयी फक्त जीपीएल परवान्याच्या ड्रायव्हरांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. बंद पेटीने त्या मागितल्या की गाभा नाही म्हणतो. काही लोक ड्रायव्हरच्या संहितेतील परवान्याची ओळ खोडून तिथे "जीपीएल" लिहितात आणि आत शिरतात. हे खोटे ओळखपत्र दाखवण्यासारखे आहे. ते करू नका आणि दुसऱ्याला तसे करून देऊ नका. तिसरी जात संकलकाची: गाभा एका आवृत्तीने बांधलेला आणि तुमच्याकडे दुसरीच. तिथे जुळती आवृत्ती उतरवून घेतली की काम भागते.

कधी पाचर नीट तासली जाते, पण आत शिरत नाही. "किल्ली नाकारली" अशा अर्थाचा संदेश येतो. हे सिक्युअर बूट या पहारेकऱ्याचे काम. स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर तो आत सोडत नाही. अशा वेळी आपली किल्ली तयार करून ती यंत्राच्या नोंदीत चढवावी लागते. उबुंटूसारखे संच बसवतानाच तसे विचारतात, एक सांकेतिक शब्द ठरवायला सांगतात आणि पुढच्या सुरुवातीला निळ्या पडद्यावर तो मागतात. घाईत तो निळा पडदा ओलांडून पुढे गेलात, तर किल्ली चढत नाही आणि दोष येतो तो ड्रायव्हरवर.

आता ज्यांच्या कार्डाची मालिका कायमची बंद झाली आहे, त्यांनी काय करावे? त्यांच्यापुढे चार वाटा आहेत.

पहिली वाट ठिगळांची. जगभरातले काही हौशी जाणकार बंद पडलेल्या मालिकांसाठी पाचर दुरुस्त करून देतात. अशा ठिगळाच्या फाइलीत वजा चिन्हाच्या ओळी काढायच्या असतात आणि अधिक चिन्हाच्या ओळी घालायच्या असतात. साधा माणूसही ती वाचून, कोणते नाव कशाने बदलले, हे ताडून पाहू शकतो. ठिगळ तुमच्या संचाच्या भांडारातून किंवा पुष्कळांनी तपासलेल्या जागेहून घ्या. कोणीतरी दिलेली आयती तयार पेटी घेऊ नका, कारण ती गाभ्याच्या पूर्ण अधिकारांनिशी चालणार आहे. आणि ठिगळाची मर्यादा ओळखा. ते पाचरीला लागते, पेटीला लागत नाही. २०२२ च्या मे महिन्यात आलेल्या ५.१८ या गाभ्याने नव्या इंटेल प्रोसेसरांतील आयबीटी नावाचे एक संरक्षण वापरायला सुरुवात केली. त्यासाठी यंत्रभाषेतच काही खुणा असाव्या लागतात. आधी बांधलेल्या पेट्यांत त्या नव्हत्या. तिथे ठिगळाचा इलाज चालेना; सुरुवातीच्या ओळीत ते संरक्षणच बंद करावे लागले. म्हणजे चित्रासाठी कुलूप काढून ठेवायचे! हा सौदा ज्याने त्याने विचार करूनच करावा.

दुसरी वाट जुन्या गाभ्याची. काही गाभे दीर्घकाळ सांभाळले जातात. त्यांत आतली मांडणी सहसा हलवत नाहीत, फक्त धोक्याच्या जागा बुजवतात. २०१९ च्या नोव्हेंबरात आलेला ५.४ हा गाभा २०२५ च्या डिसेंबरापर्यंत सांभाळायचे ठरले होते. असा गाभा धरून राहिल्यास कित्येक वर्षे निवांत जातात. पण मुदत संपली की नव्याने सापडलेली भोके उघडीच राहतात. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार चालतात, त्यावर मुदत संपलेला गाभा ठेवू नये.

तिसरी वाट नूव्हो या खुल्या ड्रायव्हरची. कंपनीच्या कार्डांचे वर्तन बाहेरून न्याहाळून, अंदाज बांधून, स्वयंसेवकांनी तो लिहिला. २०१० च्या फेब्रुवारीत आलेल्या २.६.३३ या गाभ्यापासून तो लिनक्सच्या संहितेतच आहे, म्हणून कपाटे हलली तरी त्याचे पत्ते सोबतच बदलतात. जीफोर्स २१० सारख्या कार्डावर लिहिणे, वाचणे, पत्रिका जुळवणे या कामांना तो पुरेसा आहे. मात्र २०१४ नंतरच्या मॅक्सवेल आणि पास्कल कार्डांवर त्याची गती फार मंद पडते, कारण कार्डाचा वेग वाढवायला कंपनीची स्वाक्षरी असलेला आतला कार्यक्रम लागतो आणि तो नूव्होच्या हाती नाही. बंद पेटी बसवताना नूव्होला बाजूला ठेवलेले असते. परत आणायचे तर बंदी घालणारी ती ओळ काढायला विसरू नका.

चौथी वाट कार्ड बदलण्याची. ती शेवटी ठेवली आहे, कारण पहिल्या तीन न पाहताच लोक तिकडे धावतात.

या सगळ्यात आशेची जागा नाही का? आहे. एएमडी कंपनीच्या कार्डांसाठीही पूर्वी असाच बंद ड्रायव्हर होता. २०१५ मध्ये एएमडीजीपीयू हा खुला ड्रायव्हर ४.२ या गाभ्यात आला, आणि तेव्हापासून तिच्या नव्या कार्डांना गाभा बदलला की साधारणपणे काही वेगळे बसवावे लागत नाही. एन्व्हिडियानेही २०२२ च्या मे महिन्यात आपल्या ड्रायव्हरच्या गाभ्यात शिरणाऱ्या भागाची संहिता खुली केली आणि २०२४ पासून नव्या कार्डांसाठी तीच पुढे केली. हे चांगले झाले. पण ध्यानात घ्या, ती २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठी आहे. त्याआधीच्या पास्कल, केप्लर आणि जीफोर्स २१० च्या मालकांना तिचा काही उपयोग नाही. शिवाय ती संहिता अजून गाभ्याच्या बाहेरच आहे, म्हणून पाचर तासण्याचे काम सुटलेले नाही. एवढेच की आता ती नादुरुस्त झाली, तर कंपनीशिवाय दुसऱ्या कोणाला दुरुस्त करता येईल.

पुढच्या वेळी कार्ड घ्यायला दुकानात जाल, तेव्हा किंमत आणि वेग विचाराच. पण आणखी दोन प्रश्न विचारा. याचा ड्रायव्हर लिनक्सच्या संहितेत आहे का? आणि नसेल, तर ही मालिका कंपनी कुठवर चालवणार? दुकानदाराला उत्तर येत नसेल, तर घरी येऊन स्वतः पाहा आणि मगच पैसे मोजा. आणि आज घरी गेल्यावर, संगणक चांगला चालतो आहे तोवरच, ग्रबची ती यादी एकदा उघडून पाहून ठेवा. जुना गाभा तिथे आहे ना, एवढी खात्री करून घ्या. पडदा काळा झाल्यावर ती कळ कोणती, हे शोधायला उजेड नसतो.